मुंबई ते लंडन: अंतर किती, विमानाला तास किती आणि हिशोब कसा मांडायचा

मुलगी किंवा मुलगा लंडनला स्थायिक झाला, व्हिसा आला, तिकीट निघालं की घरातल्या ज्येष्ठांचा पहिला प्रश्न असतो, "किती तास बसायचंय?" उत्तरं मात्र वेगवेगळी येतात. शेजारचे काका साडेआठ सांगतात, मेव्हणे दहा सांगतात, मोबाइलवर भलताच आकडा दिसतो, आणि तिकिटावर दुपारी दीडला निघून संध्याकाळी सहाला पोचणार असं लिहिलेलं असतं. म्हणजे साडेचारच तास?

आधी थोडक्यात सांगतो. मुंबई ते लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मधे कुठेही न थांबणारं विमान जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास घेतं, येताना पावणेनऊ ते नऊ. वर दिलेल्या बहुतेक उत्तरांत थोडं थोडं खरं आहे. तुमच्या तारखेला, तुमच्या विमानाला किती वेळ लागेल हे तुम्हाला स्वतः काढता यावं म्हणून हा लेख आहे. एकदा ही रीत कळली की टोरांटो असो, सिंगापूर असो, कुठलीही दोन शहरं घ्या, हिशोब तोच.

पायरी १: कोणतं अंतर मोजताय ते ठरवा

सुरुवात घरच्या उदाहरणाने करू. मुंबई ते नागपूर किती? रेल्वेने विचाराल तर सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून सुरू होतो, त्यामुळे तिथवर पोचायचं अंतर वेगळं धरावं लागतं. विमानतळ ते विमानतळ हवाई अंतर मात्र साधारण ६८५ किलोमीटरच भरतं. गावं तीच, आकडे तीन. विमानप्रवासाचा विचार करताना हा शेवटचा आकडा घ्यायचा.

लंडनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन पट्टीने जोडली तर ती रेषा सर्वांत जवळची नसते. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट. शाळेत असतो तसा पृथ्वीगोल मिळाला तर घ्या, एक दोरा मुंबईवर अंगठ्याने दाबा आणि दुसरं टोक लंडनवर ताणून धरा. ताणलेला दोरा ज्या वाटेने जाईल ती सर्वांत जवळची वाट. नातवंडांना सोबत घेऊन हा प्रयोग जरूर करा, भूगोलाच्या तासापेक्षा जास्त लक्षात राहतो. मुंबईहून निघताना दोरा सरळ पश्चिमेला जात नाही. तो वायव्येला, सौराष्ट्राच्या अंगाने वर सरकतो आणि लंडनजवळ येताना पश्चिमेकडे वाकतो.

पृथ्वीगोल नसेल तर संगणकावर गुगल अर्थमधली मोजपट्टी वापरा. दोन ठिकाणं निवडली की ती गोलावरचंच अंतर देते. आकडा ७,२०० च्या आसपास आला म्हणजे तुमचं बरोबर आहे. काही ठिकाणी हे अंतर मैलांत दिसतं आणि तिथेच गोंधळ होतो. विमानवाले सागरी मैल वापरतात, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशोबाने मुंबई–लंडन सुमारे ३,९०० सागरी मैल. साधे मैल १.६०९ किलोमीटरचे, त्यात हाच आकडा साधारण ४,५०० होतो. तेव्हा आकडा वाचताना शेजारचं एकक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: त्या दोऱ्याखाली कोणते देश येतात ते बघा

तासांचा सर्वांत मोठा फरक इथे पडतो आणि नवख्या प्रवाशाला नेमकं हेच कोणी सांगत नाही.

तो ताणलेला दोरा पुन्हा डोळ्यासमोर आणा. मुंबई, सौराष्ट्र, कच्छ, मग पाकिस्तानातला सिंध आणि बलुचिस्तान, पुढे इराण, अर्ध्या वाटेवर आर्मेनिया–जॉर्जिया–अझरबैजानचा परिसर, मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि शेवटी इंग्लंड. बातम्या वाचणाऱ्या माणसाला ही यादी वाचतानाच लक्षात येईल की ही वाट आज जशीच्या तशी उडता येत नाही.

युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांसाठी बंद झालं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही काही दिवसांत तसंच उत्तर दिलं आणि त्यानंतर दोन्हीकडून ही बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. याआधी बालाकोटनंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द अशीच बंद होती. इराण आणि आखातातलं वातावरण तापलं की तिथलंही आकाश काही तास किंवा काही दिवस बंद होतं, आणि विमानं आणखी वळसा घेतात.

याचा व्यवहारात अर्थ असा. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना लागू आहे, ब्रिटिश कंपन्यांना नाही. त्यामुळे त्याच दिवशी, त्याच दोन शहरांमधली दोन विमानं वेगळ्या वाटेने जाऊ शकतात आणि त्यांच्या वेळेत फरक पडू शकतो. मुंबईकरांचं त्यातल्या त्यात बरं, कारण मुंबईहून अरबी समुद्रावर निघून ओमानच्या दिशेने जाणं हा फार मोठा वळसा होत नाही. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, त्यांचा वळसा जास्त.

तुम्ही काय करायचं? तिकीट काढण्यापूर्वी विमानाचा क्रमांक घ्या आणि फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर तो टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान प्रत्यक्ष कधी उडालं, कधी उतरलं हे तिथे दिसतं. आठवडाभराच्या नोंदी पाहिल्या की छापील वेळापत्रकापेक्षा खरा अंदाज येतो. काकांचे साडेआठ तास खोटे नव्हते. ते कदाचित वेगळ्या वर्षी, वेगळ्या वाटेने आणि बहुधा परतीच्या दिशेने आले असतील.

पायरी ३: वेग धरा आणि वारा वजा करा

मोठी जेट विमानं ३५ ते ४० हजार फुटांवर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. मग ७,२०० भागिले ९००, आठ तास. हा हिशोब सगळेच करतात आणि मग प्रत्यक्षात दोन तास जास्त का लागले म्हणून विचारात पडतात.

हा ९०० चा वेग भोवतीच्या हवेच्या तुलनेतला असतो. आणि त्या उंचीवरची हवा स्थिर नसते. भारताच्या उत्तर भागापासून युरोपपर्यंतच्या पट्ट्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ह्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात आणि त्यांच्या गाभ्यात ताशी २०० किलोमीटरहूनही जास्त वेग असू शकतो. विमान सगळी वाट त्या गाभ्यातून जात नाही, वैमानिक आणि जमिनीवरचे नियोजन करणारे लोक जाताना तो टाळतात आणि येताना त्याचा फायदा घेतात. तरीही लंडनला जाताना वारा बहुतेक वेळा समोरून असतो आणि परतताना पाठीमागून.

कागदावर मांडून बघू. वळशासकट वाट ७,६०० किलोमीटर धरा आणि सगळ्या वाटेवर सरासरी ६० किलोमीटरचा वारा धरा. जाताना जमिनीवरचा वेग ९०० वजा ६०, म्हणजे ८४०. ७,६०० ला ८४० ने भागा: नऊ तासांच्या थोडं वर. येताना ९६० चा वेग, म्हणजे आठ तासांच्या थोडं आत. एवढ्याशा सरासरी वाऱ्याने जाण्यायेण्यात तासाहून जास्त फरक पडला.

आता यात जमिनीवरचा वेळ मिळवा. तिकिटावर लिहिलेली निघण्याची वेळ म्हणजे विमान आकाशात झेपावण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलतं तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तोवरचा सगळा काळ वेळापत्रकात धरलेला असतो. मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान रांगेत उभं राहतं. हीथ्रोवर तर विमानांना उतरण्यापूर्वी लंडनभोवतीच्या चार ठरावीक ठिकाणी घिरट्या घालत थांबवण्याची पद्धतच आहे. खिडकीतून तोच तलाव, तोच रस्ता पुन्हा पुन्हा दिसू लागला तर घाबरू नका, विमान आपल्या पाळीची वाट बघत असतं. चढताना-उतरताना वेग कमी असतो तोही धरा. सगळं मिळून पाऊण तास सहज वाढतो. नऊ अधिक पाऊण, म्हणजे पावणेदहा. तिकिटावरच्या आकड्याशी आता जुळलं.

जाता जाता एक जुनी गोष्ट. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालं. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, पंख्यांच्या इंजिनांचं. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला लंडनला पोचलं. दोन शहरांमधलं अंतर तेव्हाही तेवढंच होतं. आजीच्या वयाचं कोणी दहा तासांना भीत असेल तर त्यांना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

पायरी ४: तिकिटावरची दोन घड्याळं एका घड्याळात आणा

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराची. हा नियम जगभर सारखा आहे. वर म्हटलेले "साडेचार तास" त्यातूनच आले.

भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेलं आहे आणि ते ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे चालतं. आपण घड्याळ वर्षभर बदलत नाही. ब्रिटन बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. २०२६ मध्ये हे दोन दिवस २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर असे येतात. म्हणून हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे.

आता तिकीट हातात घ्या. समजा जानेवारीचं आहे: मुंबईहून दुपारी १.३०, लंडनला संध्याकाळी ६.००. लंडनची वेळ भारतीय वेळेत आणा, म्हणजे तिच्यात साडेपाच तास मिळवा. संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११.३०. दुपारी दीड ते रात्री साडेअकरा, दहा तास. हेच विमान जुलैमध्ये दुपारी १.३० ला निघून लंडनला संध्याकाळी ७.०० ला पोचणार असं लिहिलेलं दिसेल. तेव्हा साडेचारच तास मिळवायचे, पुन्हा रात्रीचे ११.३०, पुन्हा दहा तास. प्रवास तेवढाच, फक्त तिथलं घड्याळ सरकलं.

परतीचं तिकीट: हिवाळ्यात लंडनहून रात्री ९.०० आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०. वरवर पाहता साडेचौदा तास. लंडनचे रात्री नऊ म्हणजे भारतात मध्यरात्रीनंतरचे अडीच. अडीच ते साडेअकरा, नऊ तास. परतीच्या तिकिटावर वेळेशेजारी "+१" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्याचा अर्थ पोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची.

काट्याचं घड्याळ वापरणाऱ्यांसाठी एक छान सोय आहे. हिवाळ्यात भारतीय वेळ दाखवणारं घड्याळ हातात उलटं धरा, म्हणजे बारा खाली आणि सहा वर. जे दिसेल ती जवळपास लंडनची वेळ. साडेपाच तासांच्या फरकामुळे हे जमतं. उन्हाळ्यात मात्र त्यात एक तास मिळवावा लागतो. विमानात बसल्यावर मोबाइल बंद असताना हे कामाला येतं.

या पायरीला आणखी एक गोष्ट जोडून सांगतो, कारण ती तब्येतीची आहे. रोज सकाळी आठला घ्यायची रक्तदाबाची गोळी हिवाळ्यात लंडनच्या पहाटे अडीचला येते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक, कारण जाताना दिवस साडेपाच तासांनी लांबतो आणि विमानात जेवणाच्या वेळाही आपल्या नसतात. तेव्हा निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी दोन्ही वेळांचा तक्ता एका कागदावर मांडा, तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि कोणता डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा हे त्यांच्याकडून लिहून आणा. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. हे काम विमानतळावर जाताना टॅक्सीत करायचं नसतं.

पायरी ५: थेट जायचं की मधे उतरायचं

मुंबईहून हीथ्रोला न थांबता जाणारी विमानं एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक चालवतात. दुबई, दोहा, अबूधाबी, इस्तंबूल अशा ठिकाणी विमान बदलून जाण्याचे पर्याय तर भरपूर आहेत आणि बरेचदा स्वस्तही.

अंतराच्या नजरेने पाहिलं तर इथे गंमत आहे. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४३० च्या आसपास. म्हणजे दुबईवरून जाण्यात अंतर जेमतेम दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरने वाढतं. तास मात्र त्या मानाने बरेच जास्त वाढतात, कारण दोन वेळा उतरणं, दोन वेळा चढणं आणि मधला थांबा. दोन तासांच्या थांब्यात एकूण प्रवास तेरा तासांत बसतो, सात तासांच्या थांब्यात अठरा होतात. तिकीट शोधताना "एकूण कालावधी" हाच रकाना बघा, किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्या आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आईवडिलांसाठी न थांबणारं विमान घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. तरुण विद्यार्थी असेल, सामान जास्त न्यायचं असेल, पैसे वाचवायचे असतील तर मधला थांबा ठीक. काहींना तर सलग दहा तास बसवत नाही, त्यांना मधे पाय मोकळे करायला मिळतात हेही खरं. थांबा घेणार असाल तर तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी मग कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं स्वस्तात जोडली तर ती जबाबदारी तुमची.

अजून एक. "डायरेक्ट" लिहिलेलं विमान न थांबता जाईलच असं नाही. एकाच क्रमांकाचं विमान मधे एखाद्या विमानतळावर उतरून पुढे जात असेल तरी त्याला डायरेक्ट म्हणतात. "नॉन-स्टॉप" लिहिलंय का ते बघा.

पुणेकरांना लंडनचं थेट विमान नाही. त्यांनी एकतर गाडीने मुंबई गाठायची किंवा पुण्याहून दिल्लीला उडून पुढे जायचं. पुणे–दिल्ली सुमारे १,१५० किलोमीटर आणि दिल्ली–लंडन सुमारे ६,७००. सामान बहुतेक वेळा पुण्यातच थेट लंडनपर्यंत दिलं जातं आणि इमिग्रेशन दिल्लीला होतं. परतताना मात्र सामान दिल्लीत घेऊन, कस्टममधून बाहेर काढून पुन्हा पुण्याच्या विमानासाठी द्यावं लागतं. तेव्हा परतीचा थांबा जाण्यापेक्षा मोठा ठेवा.

पायरी ६: मध्यरात्रीची तारीख

हे छोटं आहे, पण यात चुकलं तर विमान एक दिवस आधीच निघून गेलेलं असतं.

मुंबईहून परदेशी जाणारी खूप विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००.४५" लिहिलं असेल तर ती पंधराची रात्र नाही. चौदा तारखेच्या रात्री बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं. घरातून चौदाच्या संध्याकाळी निघायचं आहे. कालनिर्णयवर चौदाच्या चौकोनात "आज संध्याकाळी ६ ला निघणे" असं लाल पेनाने लिहा, पंधराच्या चौकोनात काहीही लिहू नका. टॅक्सीवाल्यालाही तारीख आणि वार दोन्ही सांगा.

पायरी ७: घरच्या दारापासून दारापर्यंत मोजा

कोथरूडचं एक जोडपं हीथ्रोजवळच्या स्लाव गावी राहणाऱ्या मुलीकडे निघालंय असं धरू. जानेवारीतलं तेच दुपारी दीडचं विमान.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी, म्हणजे सकाळी साडेदहाला सहारच्या टर्मिनल २ वर पोचायचं. सांताक्रूझकडचं टर्मिनल १ देशांतर्गत विमानांसाठी आहे, टॅक्सीत बसतानाच "टी-टू" म्हणून सांगा. पुण्याहून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास, पण खंडाळ्याचा घाट आणि सकाळच्या वेळेचा वाशीपासून पुढचा मुंबईचा रस्ता यांचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा पहाटे साडेपाचला निघणंच शहाणपणाचं. पावसाळ्यात किंवा अनंत चतुर्दशीसारख्या दिवशी याहून आधी.

मुंबईतच राहणाऱ्यांना आता मेट्रो ३ चीही सोय आहे, तिचं स्थानक टर्मिनल २ जवळ आहे. दोन मोठ्या बॅगा घेऊन ज्येष्ठांनी गर्दीच्या वेळी तिच्यावर विसंबू नये, पण एकट्या विद्यार्थ्याला अंधेरीच्या कोंडीतून ती सोडवते. तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा, कारण डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे आणि दोघांमध्ये बरंच अंतर आहे.

विमान संध्याकाळी सहाला हीथ्रोला लागलं. आता रांगा. तिथली आपोआप उघडणारी ई-गेट भारतीय पासपोर्टवर चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोरच्या रांगेतूनच जावं लागतं. किती दिवस राहणार, कोणाकडे राहणार, परतीचं तिकीट आहे का, एवढे साधे प्रश्न असतात. मुलीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवला तर इंग्रजी बोलायला अडणाऱ्यांनाही धीर राहतो. रांग आणि सामान मिळून तास-दीड तास धरा. साडेसात वाजले. तिथून स्लाव गाडीने अर्ध्या तासावर. रात्रीचे आठ, म्हणजे पुण्यातले दीड.

पहाटे साडेपाच ते दुसऱ्या तारखेच्या पहाटेचे दीड: वीस तास. त्यातले विमानातले दहा. "किती तास बसायचंय?" या प्रश्नाला घरच्यांना द्यायचं खरं उत्तर हे आहे, आणि जेवणाचा डबा, झोप, औषधं या सगळ्याचं नियोजन या वीस तासांवर करा. चालायचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, तिचे वेगळे पैसे लागत नाहीत. दोन्ही विमानतळांवर चालणं खूप असतं. शाकाहारी किंवा जैन जेवण किमान एक दिवस आधी नोंदवून ठेवा. विमानात तासा-दोन तासाने उठून फेरी मारा आणि पाणी पीत राहा.

मुलगा लंडनच्या मध्यभागात राहत असेल तर हीथ्रोपासूनचा वेळ वेगळा निघेल. एलिझाबेथ लाइनने पॅडिंग्टनला साधारण अर्धा तास, पिकॅडिली लाइनच्या भुयारी गाडीने शहराच्या मध्यात तासाभराच्या आत. पिकॅडिली स्वस्त, पण जुन्या स्थानकांवर जिने असतात. सामान असेल तर एलिझाबेथ बरी.

शेवटी न्यायला येणाऱ्याला चार गोष्टी लिहून पाठवा: विमानाचा क्रमांक, उतरण्याची लंडनची वेळ, तारीख आणि टर्मिनल. टर्मिनल महत्त्वाचं, कारण हीथ्रोवर ती एकमेकांपासून लांब आहेत आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. टर्मिनलच्या दाराशी गाडी लावून वाट बघत राहता येत नाही, गाडीतळाचे पैसे वेळेनुसार लागतात. म्हणून त्याला सांगा, विमान फ्लाइटरडारवर उतरलेलं दिसलं की मग घरातून निघ, आणि आगमनाच्या दारापाशी तासाभराने ये.